खळ दिसत नाही

कोऱ्या हातकागदावर पाण्याचा थेंब ठेवला, तर तो थेंब राहत नाही. पापणी लवायच्या आत तो पसरतो, त्याच्या कडेला केसांसारखे बारीक फाटे फुटतात आणि कागदाच्या मागच्या बाजूला ओला डाग उमटतो. त्याच कागदाला आधी खळ दिली, ती नीट वाळू दिली आणि मग थेंब ठेवला, तर तो बराच वेळ गोल राहतो. जवळ जाऊन पाहिले तर त्यात समोरची खिडकी उलटी दिसते.

मित्रांनो, या दोन थेंबांमध्ये जो फरक आहे, तो मी आहे.

मी एक जुना कुंचा आहे. जात्यावरचे पीठ झाडायचा तो छोटा कुंचा नव्हे. मी विणकऱ्याच्या घरचा, कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत लांब. मुळांच्या ताठ काड्या एका लाकडी पाठीत बसवून, सुतळीने आवळून मला बांधले आहे. माझ्या अंगात कुठेही लोखंड नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे मला तिचा फार अभिमान वाटला आणि त्या अभिमानाचे काही झाले नाही.

माझे घर संगमनेरच्या एका अरुंद गल्लीत आहे. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून हातमाग बसवलेला होता. मागावर रंगनाथ बसत. त्यांच्या पत्नी विमलबाई मागावर कधी बसल्या नाहीत. सूत उकलणे, कांड्या भरणे आणि पांजणी करणे ही त्यांची कामे.

पांजणी म्हणजे काय ते सांगतो. कापडाच्या उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात. कच्चे सूत केसाळ असते. तसेच विणायला घेतले तर ते घासून तुटते. म्हणून ऊन चढायच्या आत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा ताणून बांधायचा, त्यावर पिठाची शिजवलेली पातळ खळ शिंपडायची आणि कुंच्याने सगळे धागे एका दिशेने विंचरायचे. केस बसले, धागा गुळगुळीत झाला, की तो दिवसभर मार खाऊनही तुटत नाही. खळ धाग्यात मुरते. वाळल्यावर ती दिसत नाही.

कोरडा कुंचा धागा तोडतो. त्यामुळे मला आधी पाण्यात ठेवावे लागे. नवा ताणा घ्यायचा ठरला, की रंगनाथ मागावरूनच म्हणत, "अगं, कुंचा भिजव." बाकी काही सांगावे लागत नसे. तेवढ्यावर पीठ चाळले जाई, मोठे पातेले निघे, गल्लीतल्या बायका दारातली भांडी आत घेत. घरातले प्रत्येक नवे काम माझ्या नावाने सुरू होई. आयुष्यात मला मिळालेला मान तेवढाच, म्हणून सांगून ठेवतो.

कारण बाकी सगळा मान धोट्याला होता. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारी लाकडी होडी. त्याला पितळी टोके होती. शाळेतली मुले सुटली की खिडकीशी उभी राहून धोटा बघत. पाहुणे आले की तेही धोटाच बघत. रंगनाथ त्याला रोज पुसत, बोटभर तेल लावत आणि हातरुमालावर ठेवत. मी भिंतीवरच्या खुंटीला. माझ्या काड्यांमधून सुकलेली खळ खाली गळे आणि विमलबाई ती झाडून टाकत. मी धोट्याचा मत्सर करत असे. तो मोडावा असे मला कधी वाटले नाही. तो हरवावा, असे मात्र वाटे.

आणखी एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. लुगडे विणून झाले, की रंगनाथ फक्त कापड कापून घेत. फणीत, म्हणजे ताण्याचे धागे वेगळे ठेवणाऱ्या मागावरच्या कंगव्यात, अडकलेली धाग्यांची टोके तशीच ठेवत. मग नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या टोकाला पीळ देऊन सांधत. असे केले की ते सगळे धागे पुन्हा फणीतून ओवावे लागत नाहीत. सोय एवढीच. पण त्यामुळे असे झाले, की रंगनाथांचा प्रत्येक ताणा त्यांच्या वडिलांच्या ताण्याला सांधलेला होता, आणि वडिलांचा आजोबांच्या. उभ्या ताण्याला मागून कात्री लावून तो मोकळा करणे, हे त्या घरात कधी घडले नव्हते. कुणी त्याला नियम म्हटले नाही. पण कापड उतरवून झाले की विमलबाई कात्री लगेच आतल्या खोलीत नेऊन ठेवत.

रंगनाथ गेले तेव्हा मागावर लुगडे अर्धे होते. पांढरा ताणा, लाल काठ. शेवटची पांजणी माझीच. विमलबाईंनी मागावर एक चादर टाकली, धोटा कपाटात ठेवला आणि मी खुंटीवर राहिलो.

मित्रांनो, वापरात असलेल्या वस्तूला धूळ दिसत नाही. मला ती दिसू लागली.

त्यांचा मुलगा नितीन सुप्याच्या कारखान्यात कामाला लागला आणि तिकडेच राहू लागला. सुट्टीला तो आला की पुढच्या खोलीचा विषय निघे. "आई, मागाचं काय करायचं?" विमलबाई म्हणत, "बघू." पुढच्या सुट्टीला पुन्हा तेच. मला आधी वाटले, बघू म्हणजे त्या खरेच बघतील. मग कळले, की बघू म्हणजे चादर काढायची नाही.

दीपा आली तेव्हा हे असे चालले होते. दीपा विमलबाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. इथल्या एका महाविद्यालयात ती रसायनशास्त्र शिकवते आणि वरच्या खोलीत राहते. तिला जुन्या पद्धतीने छायाचित्रे छापायचा नाद आहे. त्यात यंत्र लागत नाही. लोहाचे दोन क्षार पाण्यात विरघळवून कागदाला लावायचे, अंधाऱ्या जागी वाळवायचे, वर एखादे पान ठेवून काच दाबायची आणि उन्हात ठेवायचे. जिथे ऊन पोचते तिथे निळा रंग तयार होतो. जिथे पानाची सावली असते तिथले क्षार धुताना पाण्याबरोबर निघून जातात आणि कागद पांढरा राहतो.

तिच्या पहिल्या निळ्या पानांना कडाच नव्हत्या. शेवग्याची डहाळी धुरात धरल्यासारखी दिसे. एके दिवशी ती खालच्या स्वयंपाकघरात काहीतरी शिजवत होती.

"कसला वास येतोय गं?" विमलबाईंनी विचारले.

"जिलेटीन आहे, मावशी. कागद सगळं औषध पिऊन टाकतो. त्याला आधी याचा हात दिला की पीत नाही."

"आन् ते कशाचं असतं?"

दीपा थोडी थांबली. "हाडांचं."

विमलबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यांनी गॅस बंद केला. रागावल्या नाहीत. पातेले उचलून बाहेर ठेवले आणि म्हणाल्या, "ह्या शेगडीवर न्हाई. दुसरं काई न्हाई का चालत?"

"चालतं. पिठाचंही चालतं. पुस्तकात आरारूट लिहिलंय. जुने लोक तेच लावायचे."

"कागद कशाचा हाय?"

"सुती चिंध्यांचा."

"म्हंजे कापडच की. मग खळ म्हन की सरळ, पुस्तक कशाला मधी आनतीस?" त्या हसल्या. "तो घे खुंटीवरचा."

तो म्हणजे मी. "कुंचा भिजव" असे त्या म्हणाल्या नाहीत. दीपाने मला उतरवले, पुस्तकासारखे उलटेपालटे करून पाहिले आणि विचारले, "याच्यात लोखंड नाही ना कुठे? खिळा, तार?"

"सुतळी हाय नुसती."

"छान. लोखंड असलं की निळे डाग पडतात."

मला वाटले, आता माझे दिवस आले. खळ तर मी देणारच, पण ते पिवळे औषधही मीच लावणार. निळा रंग माझ्या हातून होणार. धोटा कपाटात पडून आहे, आणि लोक खिडकीशी उभे राहून मला बघणार.

दुसऱ्या दिवशी दीपाने पुण्याहून आणलेली एक पातळ पेटी उघडली. आत पांढरा ब्रश होता. शेळीच्या केसांचा, बांबूच्या दांड्याचा, दोऱ्याने शिवलेला. त्याच्याही अंगात लोखंड नव्हते.

"हा कुंचा का नको?" विमलबाईंनी विचारले. एवढे तरी त्यांनी विचारले.

"हा पितो फार, मावशी. अर्धं औषध याच्याच पोटात जाईल."

"आमच्या घरात पिनारा तेवढा एकच निघाला म्हनायचा," विमलबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही.

त्या दिवसापासून कामाची वाटणी झाली. आधी मी. कागद पाटावर पसरायचा, मी खळीत बुडवून निथळायचे, आणि हलक्या हाताने उभे, मग आडवे फिरायचे. इतक्या वर्षांच्या पांजणीने माझी टोके झिजून मऊ झाली आहेत, कागदावर ओरखडा येत नाही. मग कागद दोरीवर चिमट्यांना. तो वाळला की दीपा त्यावर थेंब ठेवून बघे. थेंब गोल राहिला की कागद वर अंधाऱ्या खोलीत जाई. तिथे तो पांढरा ब्रश वाट बघत असे. काम झाले की दीपा त्याला गाळलेल्या पाण्यात धुई, बोटांनी त्याचे केस सरळ करी आणि रुमालात गुंडाळून ठेवी. पुन्हा रुमाल. मी पुन्हा खुंटीला, थेंब थेंब गळत.

पहिला कागद उन्हातून काढून धुतला तेव्हा निळ्यावर सगळीकडे फिकट गोल चट्टे होते. औषध तिथे धरलेच नव्हते, जणू कागदाने तेवढ्या जागी पाठ फिरवली. दीपाला पांढऱ्याचा संशय आला. तिने त्याला धुतले, पुन्हा धुतले, उजेडात धरून त्याचे केस वेगळे करून पाहिले. मला फार बरे वाटत होते. एखाद्याची चौकशी चालू असताना आपण खुंटीवर असणे, यासारखे सुख नाही.

मग ती खाली आली. "मावशी, खळीत तू काय काय घातलंस?"

"तू दिलेलं पीठ. पानी. दुसरं काय घालनार?"

"आणखी काही? आठवून सांग."

"आन् तेलाचा थेंब."

"तेल?"

"तेलाबिगर खळ कुठं असती? धागा कडक होतो, मोडतो."

"थेंब म्हणजे केवढा?"

विमलबाईंनी विचार केला. "पळीभर."

दीपा पाटावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "मावशी, धाग्याला वाकायचं असतं. कागदाला कुठं वाकायचंय? तेल असलं की औषध बसतच नाही."

"माझा हात तेलाकडं जातोच गं," विमलबाई म्हणाल्या. "मी घालते म्हनून घालत न्हाई. हातच घालतो."

तेल खळीतच नव्हते, माझ्यातही होते. इतक्या पांजण्यांचे तेल माझ्या काड्यांत मुरले होते. दीपाने मला सोड्याच्या कोमट पाण्यात ठेवले. पाणी आधी पिवळे झाले, मग तपकिरी. त्या पाण्यात गल्लीतल्या सगळ्या सकाळी होत्या, आणि तिने ते मोरीत ओतले. मग साध्या पाण्याने मला पुन्हा पुन्हा खंगाळले, कारण सोड्याचा अंश राहिला तर निळा रंग उडतो. लिटमसचा तांबडा कागद माझ्या काड्यांना लावून तो तांबडाच राहतो याची तिने खात्री केली आणि मगच मला उन्हात ठेवले. मीच मला ओळखत नसल्यासारखे हलके वाटत होते.

त्यानंतरचे कागद स्वच्छ आले. शेवग्याचे पान पानासारखे, घाणेरीच्या फुलाची प्रत्येक पाकळी वेगळी. दीपाने ते अहिल्यानगरला एका प्रदर्शनात मांडले. परत आल्यावर तिने जेवताना मावशीला सांगितले, लोकांनी काय काय विचारले. हा निळा कसा आणला? ब्रशचे फटकारे कडेला दिसू दिलेत ते छान, ते मुद्दाम का? एका बाईंनी तर पांढऱ्या ब्रशचा फोटो मागितला.

"आन् खळीचं कुनी इचारलं?"

"खळ दिसत नाही ना, मावशी."

विमलबाईंनी ताटातला घास उचलला. मी खुंटीवरून ऐकत होतो. धोट्याच्या वेळी मी तरुण होतो. एकच मत्सर दुसऱ्यांदा करायला लागणे थकवणारे असते.

माघ संपत आला तसा पुढच्या खोलीचा विषय पक्का झाला. शेजारी राहणाऱ्या कल्याणला तिथे झेरॉक्सचे दुकान काढायचे होते, पाडव्याच्या मुहूर्तावर. तो टेप घेऊन आला आणि मागाला वळसा घालून भिंती मोजून गेला. नितीनने लाकूडवाला ठरवला. शनिवारी तो माग उचकटून नेणार होता. त्याआधीच्या सुट्टीला नितीन आला.

"आई, लाकूडवाला शनिवारी येतोय."

"येऊ दे."

"येऊ दे काय? मागावर ताणा तसाच आहे. त्याचं काय करायचं ते सांग."

"बघू."

"तुझं बघू ऐकून माझे केस पांढरे झाले."

"तुझ्या बापाचे बी तसेच झाल्ते."

दीपा जिन्यात उभी होती. ती म्हणाली, "मावशी, एक विचारू? तो माणूस कोयता घालेल. त्याला काय, त्याला लाकूड हवंय. त्याआधी आपण हातभर ताणा काढून घेऊ. मोठ्या कागदावर जसा आहे तसा पसरू आणि उन्हात छापू. मग काहीतरी राहील."

"कापून?" विमलबाईंनी विचारले.

"कापून."

"कापायचं कशाला?" नितीन म्हणाला. "सोडवून घ्या की सगळा."

"खळीचं सूत हाय, नितीन. इतकी वर्सं उभं राहून कडक झालंय. सोडवाया गेलं की फनीतच मोडंल. हात लावाया न्हाई जमायचं."

"मग कागद मागाखाली सरकवा. आहे तिथंच छापा."

"त्या खोलीत ऊन येत नाही, दादा," दीपा म्हणाली. "माग उन्हात न्यावा लागेल."

"खड्ड्यासकट?"

विमलबाई एवढेच म्हणाल्या, "ह्यांच्या आज्यापासनं सांधत आलेला धागा हाय तो." आणि मग, "बघू."

नितीनने चहाचा कप खाली ठेवला. "दीपा, तू जादूगार आहेस. मी काही विचारलं की बघू. तू विचारलंस की या घरात खळ शिजते. आईचं सगळं आता तुझ्याच सल्ल्यानं चालतं." तो हसत म्हणाला, पण त्याचे सगळे हसणे ओठांवरच राहिले. त्या क्षणी मला नितीन फार जवळचा वाटला.

दीपाने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिने मावशीकडे फक्त दशा मागितल्या. कापड उतरवताना तुटून पडणाऱ्या धाग्यांच्या टोकांना दशा म्हणतात. विमलबाईंनी त्यांची एक जुडी फडक्यात बांधून ठेवली होती, कशासाठी ते त्यांनाही सांगता आले नसते. दीपाने मी खळ दिलेला, पांढऱ्याने पिवळा केलेला कागद गच्चीवर आणला, त्यावर दशा एकेक करून शेजारी शेजारी मांडल्या आणि काच दाबली. मी कठड्यावर वाळत होतो, म्हणून मला सगळे दिसले. पिवळा हिरवट झाला, मग करडा. मग दीपाने काच उचलली, दशा वेचल्या आणि कागद परातीतल्या पाण्यात सोडला. पिवळे पाणी वाहून गेले आणि निळ्यावर पांढऱ्या रेघा उघड्या पडल्या. सुताचा पीळसुद्धा दिसत होता.

विमलबाई परातीशी उकिडव्या बसल्या. त्यांनी ओल्या कागदावर बोट ठेवले. निळ्यावर नाही, पांढऱ्या रेघेवर.

"हितं काय हाय?"

"तिथं धागा होता. त्याच्याखाली ऊन पोचलं नाही, म्हणून तिथलं औषध पाण्यात निघून गेलं."

"सगळं?"

"सगळं."

"मग उरलं काय?"

"कागद," दीपा म्हणाली. "आणि खळ."

"म्हंजे माझंच."

"हो, तुझंच."

आणि माझे, मी मनात म्हटले. पांढऱ्याने लावलेले सगळे त्या रेघांमधून धुऊन गेले होते. लोक ज्याला धागा म्हणून बघतील, ते माझ्या खळीने राखलेले पांढरे होते. मला इतका आनंद झाला की लगेच विमलबाईंचाही मत्सर वाटला, कारण दीपाने "तुझंच" म्हटले ते त्यांना.

विमलबाईंनी बोट उचलले नाही. "ह्यांचं विनकाम बघाया लोक यायची," त्या म्हणाल्या. "दारात उभी राहायची. पांजनीच्या वक्ताला पन यायची लोकं. म्हनायची, बाई, ताना जरा वर धरा, सायकल जाऊ द्या."

"वाईट वाटायचं?"

"वाईट न्हाई." त्यांचे बोट रेघेवरून पुढे सरकले. "जळायची मी. ह्यांच्यावर न्हाई. त्या धोट्यावर. लाकडाच्या तुकड्यावर जळत हुते बघ, सांगू कुनाला?"

मित्रांनो, एवढी वर्षे त्यांचा हात माझ्या पाठीवर होता आणि मला हे कळले नव्हते. मी समजत होतो की धोट्याकडे तसे बघणारा घरात मी एकटाच आहे.

तुम्हाला एक विनंती करतो. उपदेश नाही, कारण मत्सरी माणसाने उपदेश करू नये आणि मत्सरी कुंच्याने तर नाहीच. कधी एखादे छापील चित्र हातात आले, तर रंग बघून झाल्यावर तो कागद खिडकीशी नेऊन जरा तिरका धरा. जिथे रंग नाही तिथे बघा. तिथेही कुणीतरी काम केलेले असते. आणि घरात कुंचा असेल, तर काम झाल्यावर तो धुऊन टोके खाली करून टांगा. टोके वर ठेवली तर पाणी पाठीत उतरते, सुतळी कुजते आणि काड्या सुटतात. एवढे केले तरी पुरे आहे. रुमाल नको. खरे सांगायचे तर रुमाल मिळाला तर हवा आहे, पण मागत नाही.

शुक्रवारी दुपारी नितीन सुप्याहून आला. खोलीतले बाकी सामान त्याने आणि दीपाने मागच्या पडवीत नेले. कपाट गेले, आणि त्याच्याबरोबर धोटाही. आता खोलीत माग होता, आणि भिंतीवर मी. दीपाचा पांढरा ब्रश खिडकीत होता, त्याच्या रुमालात.

विमलबाई आल्या आणि त्यांनी चादर काढली. धूळ उडाली नाही, ती चादरीबरोबरच घडीत गेली. अर्धे लुगडे तसेच होते, लाल काठ थोडा फिकटलेला. पुढे फणी, आणि फणीच्या मागे पांढरा ताणा, खिडकीच्या उजेडात एकेक धागा वेगळा दिसेल असा. विमलबाईंनी त्यावरून उलटा तळहात फिरवला, चूल तापली का बघताना फिरवतात तसा.

"अजून ताठ हाय," त्या म्हणाल्या.

"आई," नितीन हळू म्हणाला, "उद्या सकाळी तो येईल. आता तरी बघू म्हणू नकोस."

त्या बघू म्हणाल्या नाहीत. गल्लीतून कुणाची तरी मोटारसायकल गेली. मग त्या आतल्या खोलीत गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात कात्री होती. ती त्यांनी मागाच्या लाकडावर ठेवली. त्या खोलीत कात्री अशी पडून राहिलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"त्याला म्हनावं, दुपारचं ये."

"का?"

"सकाळचं ऊन दीपाला लागंल." त्यांनी फणीच्या मागे बोट ठेवले, मग हातभर अंतरावर दुसरे. "हितनं हितपत्तोर. मीच कापते. सकाळी, उजाडल्यावर. राहिलेली टोकं गाठ मारून ठिवायची, नितीन, टाकायची न्हाईत."

नितीनने मान हलवली. दीपा खिडकीशी उभी होती. तिचा हात सवयीने रुमालाकडे गेला होता, तो तिथेच थांबला. विमलबाईंनी रुमालाकडे पाहिले नाही. त्यांनी माझ्या खुंटीकडे पाहिले.

"मग आज कागदाला खळ द्याया पायजे," त्या म्हणाल्या. "दीपा, कुंचा भिजव."